तबकड्यांचा संग्रह : छंद कीं लोभ ?

मनुष्याच्या ठिकाणीं संग्रहाची हौस उपजतच असते. लहान मूल समुद्रकांठीं गेलें कीं शिंपले वेंचूं लागतें. थोडें मोठें झालें म्हणजे टपालाचीं तिकिटें, परदेशचीं नाणीं, पांखरांचीं पिसें हीं त्याच्या पेटींत सांठूं लागतात. प्रौढपणीं ही हौस लोपत नाहीं. केवळ तिचा विषय पालटतो. कोणी जुनीं पुस्तकें जमवितो, कोणी घड्याळें जमवितो. प्रस्तुत लेखकास जो छंद जडला आहे, तो मात्र पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. सिंथेसायझर नांवाच्या विजेच्या वाद्यावर सुमारें १९७० ते १९८५ ह्या काळांत युरोप, अमेरिका व जपान येथें जें लोकप्रिय संगीत निर्माण झालें, त्याच्या जुन्या तबकड्या मी गेलीं कित्येक वर्षें जमवीत आलों आहें.

"ह्या तबकड्यांत एवढें आहे तरी काय ?" असा प्रश्न मला विद्यार्थ्यांनीं, सहकाऱ्यांनीं व घरच्या मंडळींनीं अनेकवार केला आहे. गाणें ऐकावयाचें तर तें खिशांतील फोनवर क्षणार्धांत ऐकूं येतें. मग त्या बारा इंची काळ्या चकत्या, त्या ठेवण्यास कपाट, वाजविण्यास निराळें यंत्र, पुसण्यास मऊ फडकें, एवढी यातायात कशासाठीं ? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देणें मला अवश्य वाटतें. कारण एके प्रसंगीं ह्याच विषयावर एका लहान मुलापुढें मी निरुत्तर झालों होतों. तो प्रसंग पुढें सांगेनच.

प्रथम ह्या वाद्याची ओळख करून घेऊं. शाळेच्या प्रार्थनेस वाजणारी बाजाची पेटी सर्वांच्या परिचयाची आहे. भात्यांतून वारा सुटतो, पितळेची लहानशी पट्टी कंप पावते व स्वर उमटतो. सिंथेसायझरमध्यें भाता नाहीं, पितळेची पट्टी नाहीं कीं तार नाहीं. त्यांत विजेच्या प्रवाहालाच जलद आंदोलनें देऊन स्वर उत्पन्न करतात. मग तो स्वर एका विजेच्या चाळणींतून नेतात व त्याचा कर्कशपणा हवा तेवढा गाळून टाकतात. स्वर एकदम उठावा कीं हळूहळू फुलावा, तत्काळ थांबावा कीं कांहीं वेळ रेंगाळावा, हें आणखी एका योजनेनें ठरवितात. रॉबर्ट मूग ह्या अमेरिकन यंत्रज्ञानें १९६४ सालीं आपल्या ह्या यंत्राचे पहिले भाग जाणकारांपुढें मांडले. आरंभीं हीं यंत्रें कपाटाएवढीं अवजड असत. १९७० सालीं निघालेलें 'मिनीमूग' मात्र एका माणसास उचलून नेतां येण्याजोगें होतें.

ह्या यंत्रांचे दोष ध्यानांत घेतल्यावांचून त्या तबकड्यांची गोडी कळावयाची नाहीं. पेटीवर लहान मूलहि तीन पट्ट्या एकदम दाबून तीन स्वर काढूं शकतें. मिनीमूगवर तीन पट्ट्या दाबल्या तरी वाजावयाचा स्वर एकच. शिवाय उष्णता कमीजास्त झाली कीं यंत्राचा सूर ढळे. १९६८ सालीं वेंडी कार्लोस ह्या विदुषीनें बाखच्या रचना मूगच्या यंत्रावर वाजवून एक तबकडी प्रसिद्ध केली व ती फार गाजली. परंतु ती तयार करतांना प्रत्येक स्वरपंक्ति वेगळी वाजवून ध्वनिफितीवर घ्यावी लागली व मग त्या पंक्ति एकमेकींवर बसवाव्या लागल्या. यंत्राचें संगीत म्हणजे कळ दाबली कीं तयार, अशी जी पुष्कळांची समजूत असते, ती किती चुकीची आहे हें ह्यावरून दिसेल.

जर्मनींतील ड्यूसेलडॉर्फ शहरच्या 'क्राफ्टवेर्क' नामक मंडळीनें हे दोष झांकण्याऐवजीं त्यांनाच आपल्या संगीताचा पाया केलें. त्यांच्या 'ऑटोबान' ह्या १९७४ सालच्या तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच गीतानें व्यापली आहे. सुमारें बावीस मिनिटें लांबचलांब मोटाररस्त्यावरून चाललेला हा प्रवास आहे. एकसुरी वाटणाऱ्या त्या गतींतच प्रवासाचा आनंद भरला आहे. १९७७ सालीं म्यूनिक येथें जॉर्जिओ मोरोडर व पीट बेलॉट ह्यांनीं डॉना समर ह्या गायिकेकडून 'आय फील लव्ह' हें गीत गाववून घेतलें. त्यांतील बहुतेक सर्व वाद्यध्वनि मूगचे आहेत. परंतु मोठ्या ढोलाचा भरदार ठोका यंत्रांतून मनासारखा निघेना. तेव्हां तेवढ्यासाठीं एक माणूस बसविण्यांत आला. तें गीत मी ऐकतों तेव्हां यंत्रांच्या त्या गर्दींत त्या एका माणसाचा पाय मला निश्चितपणें ऐकूं येतो. पुढें १९७८ पासून टोकियोच्या 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' ह्या त्रिकुटानें जपानांत हाच मार्ग रुंद केला.

परंतु सर्वांत मनोवेधक हकीकत इंग्लंडांतील आहे. १९७० नंतरच्या दशकांत जपानी कारखान्यांचीं लहान व स्वस्त यंत्रें तेथें येऊं लागलीं आणि जें वाद्य आजवर धनिकांच्या ध्वनिमुद्रणगृहांतच दिसे, तें सामान्य घरांतील मुलांच्या हातीं पडलें. लिव्हरपूल शहराच्या पलीकडच्या तीरावर राहणाऱ्या दोघां तरुणांनीं आईच्या नांवें येणाऱ्या व्यापारी सूचीपत्रावरून एक लहानसें यंत्र हप्त्याहप्त्यानें घेतलें. पुढें 'ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क' ह्या लांबलचक नांवानें प्रसिद्धीस आले ते हेच. १९८० सालचें त्यांचें 'एनोला गे' हें गीत चालीनें अगदीं उल्हसित आहे. परंतु तें नांव ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचें आहे, हें कळलें म्हणजे ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरतां धरतां थबकतो. गॅरी न्यूमन हा तरुण १९७८ सालीं गिटारीचें संगीत मुद्रित करण्यास गेला असतां त्या जागीं दुसऱ्या कोणाचें मिनीमूग पडलेलें त्याला दिसलें. त्यानें सहज एक पट्टी दाबली आणि त्या घनगंभीर नादानें तो भारून गेला. पुढच्याच वर्षीं त्याचें गीत चार आठवडे इंग्लंडांत अग्रस्थानीं राहिलें. डॅनिअल मिलर ह्यानें १९७८ सालीं आपल्या घरींच दोन गाणीं मुद्रित करून त्यांची तबकडी स्वखर्चानें काढली व वेष्टनावर घरचा पत्ता छापला. त्या पत्त्यावर अनोळखी तरुणांच्या ध्वनिफिती येऊं लागल्या आणि त्यांतून 'म्यूट' ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. बॅसिल्डन गांवच्या 'डिपेश मोड' ह्या तरुणांची पहिली मोठी तबकडी तिनेंच १९८१ सालीं प्रसिद्ध केली.

येथें कोणी म्हणेल, "यंत्रानें काढलेला सूर तो सूरच नव्हे, हा वादकांच्या पोटावर पाय आहे." हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. १९८२ च्या जानेवारींत ब्रिटनमधील बेकारांचा आंकडा तीस लाखांच्या वर गेला होता. त्याच वर्षीं तेथील वादकांच्या संघाच्या लंडन शाखेनें सिंथेसायझर व तालयंत्रें ह्यांच्यावर बंदी घालावी असा ठराव केला. ज्यांचें पोट व्हायोलिनवर चालत होतें, त्यांस ही भीति वाटणें स्वाभाविक होतें. तथापि ह्या प्रश्नाची दुसरी बाजूहि आहे. शेफील्ड हें पोलादाचें शहर. तेथील कारखाने त्या वेळीं एकामागून एक बंद पडत होते. त्याच शहरच्या 'ह्यूमन लीग' ह्या मंडळींतून १९८० सालीं दोघे फुटून निघाले, तेव्हां मागें उरलेल्या गायकानें शाळेंत शिकणाऱ्या दोन मुलींना आपल्या मंडळींत घेतलें. आणि पुढील वर्षीं निघालेल्या त्यांच्या 'डेअर' ह्या तबकडीनें साऱ्या देशास वेड लावलें. यंत्रानें एका दारानें काम नेलें हें खरें. पण ज्यांना कोणी संगीतशाळेंत पाठविलें नसतें, त्यांना त्याच यंत्रानें दुसऱ्या दारानें आंत घेतलें, हेंहि तितकेंच खरें.

आणि आपण तरी ह्या बाबतींत परक्यांस कशाला हंसावें ? आज जिच्यावांचून आपलें भजन कीं नाट्यगीत उभें राहात नाहीं, ती बाजाची पेटीहि एकदां परदेशांतून आलेलें यंत्रच होती. तिच्यांतून श्रुति निघत नाहींत व मींड निघत नाहीं, म्हणून १९४० पासून सुमारें तीस वर्षें आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. काळ गेला आणि पेटी राहिली. वाद्य नवें असतें तेव्हां तें निर्जीव वाटतें. माणसांनीं त्यांत पुरेसा जीव ओतला म्हणजे तें जुनें व आपलें होतें. जुन्या सिंथेसायझरच्या तबकड्यांत हा जीव ओतण्याचा क्षण पकडलेला आहे. शिकविणारा कोणी नाहीं, परंपरा नाहीं, यंत्र एका स्वरापलीकडे जात नाहीं, अशा स्थितींत वीस-बावीस वर्षांचीं मुलें चांचपडत आहेत, चुकत आहेत, आणि अकस्मात् त्यांना वाट सांपडत आहे. ही धडपड मला शिक्षक ह्या नात्यानें विशेष ओळखीची वाटते.

आतां तबकडीच कां, ह्या प्रश्नाकडे वळूं. काळ्या तबकडीचा आवाज फोनवरील आवाजापेक्षां श्रेष्ठ असतो, असा माझा दावा नाहीं. तिच्यांत खरखर असते, धूळ बोलते. परंतु तिच्यांत गाणें डोळ्यांना दिसतें व हातांना लागतें. तबकडीवरील ती नागमोडी चर म्हणजे त्या आवाजाचाच आकार. सुई तिच्यांतून जातांना थरथरते आणि त्या थरथरीचें गाणें होतें. एकच गीत बारा इंची तबकडीवर ४५ फेऱ्यांच्या वेगानें मुद्रित केलें म्हणजे चरीला पसरण्यास ऐसपैस जागा मिळते व खर्जाचा नाद भरदार उठतो. 'न्यू ऑर्डर' ह्या मंडळीचें १९८३ सालचें 'ब्लू मंडे' ह्याच प्रकारचें. पीटर सॅव्हिल ह्यानें त्याचें वेष्टन तेव्हांच्या संगणकांत वापरीत असलेल्या चुंबकीय चकतीसारखें केलें व त्यावर गीताचें वा गाणाऱ्यांचें नांव अक्षरांनीं न छापतां कडेला रंगीत चौकोनांच्या सांकेतिक लिपींत मांडलें. असें वेष्टन हातीं धरून मनुष्य विचार करीत बसतो. शिवाय एक बाजू संपली कीं उठून तबकडी पालटावी लागते. ह्या उठण्यानें मनुष्य ऐकणारा होतो. फोनवर गाण्यामागून गाणें आपोआप वाहत राहतें आणि आपण दुसऱ्याच कामांत असतों.

येथवर छंदाची थोरवी गाइली. आतां त्याच्या रोगाविषयीं बोललें पाहिजे. आणि येथेंच तो प्रसंग येतो. परदेशीं असलेल्या एका आप्तानें मला 'डेअर' ची एक जुनी प्रत आणून दिली. तिच्यावरील पातळ पारदर्शक वेष्टन मूळचें, न फोडलेलें होतें. न फोडलेल्या प्रतीस संग्राहकांच्या बाजारांत अधिक मोल येतें, हें मला ठाऊक होतें. मीं ती कपाटाच्या वरच्या फळीवर दर्शनी ठेविली. सहा वर्षें ती तेथेंच होती. एके दिवशीं इयत्ता नववींतील एक विद्यार्थी वह्या देण्यास घरीं आला. त्याची नजर तिच्यावर गेली. "सर, ही ऐकायला कशी आहे ?" त्यानें विचारलें. मी म्हणालों, "ती अजून उघडली नाहीं. उघडली कीं तिची किंमत उतरते." तो क्षणभर घुटमळला व म्हणाला, "मग सर, तुमच्याकडे हिचें वेष्टनच आहे, गाणीं नाहींतच!"

त्याच्या बोलण्यांत उद्धटपणाचा लेश नव्हता. म्हणूनच तें मला अधिक लागलें. त्याच संध्याकाळीं मीं तें वेष्टन फोडलें. पाहतों तों सहा उन्हाळ्यांच्या उष्णतेनें तें पातळ आवरण आंवळत गेलें होतें व त्याच्या ताणानें तबकडीची कड परातीच्या कांठासारखी वर वळली होती. सुई आरंभींच्या गाण्यावर टिकेना. उड्या मारूं लागली. मध्याकडील भाग तेवढा सपाट राहिला होता. म्हणून दुसऱ्या बाजूच्या शेवटचें, सर्वांत प्रसिद्ध झालेलें गीत तेवढें नीट वाजलें. माझ्या कपाटांतील ज्या तबकड्या मीं शेंकडों वेळां वाजविल्या होत्या, त्यांवर ओरखडे होते पण त्या गात होत्या. जिला मीं सर्वांत अधिक जपलें, तीच अर्धी मुकी झाली होती. छंदाचा लोभ केव्हां झाला, हें मला त्या दिवसापर्यंत कळलें नव्हतें.

मग संग्राहकाचें खरें काम कोणतें ? ह्याचें उत्तर आपल्या मुंबईंतील एका तबकडीच्या इतिहासांत सांपडतें. चरणजित सिंह हे हिंदी चित्रपटसंगीतांत गिटार आदि वाद्यें वाजविणारे एक वादक. त्यांनीं १९८२ सालीं तीन नवीं जपानी यंत्रें घेऊन भैरव, ललत, तोडी, यमन इत्यादि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले व त्यांची एक तबकडी काढली. तिच्यांत शब्द नाहींत. केवळ यंत्रांचे सूर व ताल आहेत. लोकांस ती रुचली नाहीं; ती विस्मृतींत गेली. त्या तीन यंत्रांपैकीं 'टीबी ३०३' हें गिटार वाजविणाऱ्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेलें होतें. तेंहि खपलें नाहीं व लवकरच त्याचें उत्पादन बंद पडलें. पुढें शिकागो शहरांतील तरुणांनीं जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळणाऱ्या ह्याच यंत्रांतून वळणावळणाचा नाद काढला. १९८७ पासून तशा तबकड्या निघूं लागल्या व नृत्यसंगीताचा एक नवा पंथच जगभर पसरला. २००२ सालीं एका डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानांत चरणजित सिंहांची ती जुनी तबकडी सांपडली. त्यानें ती विकत घेतली, ऐकली आणि तो थक्क झाला. शिकागोच्या पांच वर्षें आधीं मुंबईंत कोणी जवळजवळ तोच नाद काढून ठेविला होता! त्यानें वादकाचा शोध लावला व २०१० सालीं ती तबकडी पुन्हां प्रसिद्ध केली. उतारवयांत त्या वादकास परदेशच्या रंगमंचांवर तें संगीत वाजविण्याचा योग आला. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

त्या डच गृहस्थानें ती तबकडी दुर्मिळ म्हणून कपाटांत कोंडून ठेविली असती, तर तिची किंमत वाढली असती, पण त्या वादकास जें उशिरा कां होईना पदरांत पडलें, तें कधींच पडलें नसतें. संग्राहक हा वस्तूचा राखणदार असतो. आणि राखणदारानें धान्य राखावयाचें तें कोणी तरी खावें म्हणून. ही एक कसोटी लावली म्हणजे छंद कोठें संपतो व लोभ कोठें सुरू होतो, हें ओळखणें कठीण जात नाहीं. लाखोंनीं खपलेली व म्हणून आज कोणी ढुंकून न पाहणारी तबकडीहि मग तुच्छ वाटत नाहीं आणि एकुलती एक प्रतहि डोक्यावर चढत नाहीं.

माझ्यापुरते मीं कांहीं नियम घालून घेतले आहेत. जी तबकडी वाजवावयाची नाहीं, ती घ्यावयाची नाहीं. घेतली कीं प्रथम दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकावयाच्या. तिला कडेनेंच धरावें, वाजविण्यापूर्वीं धूळ पुसावी, उभी ठेवावी, उन्हापासून व पावसाळी ओलीपासून दूर ठेवावी. तिच्यावर ज्यांचीं नांवें आहेत, ते कोण, कोठले, त्यांनीं कोणतीं यंत्रें वापरलीं, हें शोधून एका वहींत टिपावें. आणि कोणी ऐकूं इच्छील तर त्यास नाहीं म्हणूं नये. ह्या शेवटच्या नियमामुळें दोन-तीन तबकड्यांवर नवे ओरखडे उठले आहेत. त्याचें मला आतां दुःख होत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीं ह्याच तबकड्या जमवाव्या असें माझें म्हणणें नाहीं. तुमच्याहि घरीं माळ्यावर, ट्रंकेंत, आजोबांच्या कपाटांत असें कांहीं पडलें असेल, कीं जें आज कोणास नकोसें झालें आहे. तें टाकून देण्यापूर्वीं एकदां हातीं घ्या, तें कोणीं व कोणत्या अडचणींतून केलें हें विचारा. आवडलें तर जमवा. जमविलें तर वापरा. वापरलें तर दुसऱ्यास दाखवा. तो नववींतील मुलगा अधूनमधून माझ्या घरीं येतो. ती कड वळलेली 'डेअर' तो स्वतःच कपाटांतून काढतो, सुई अलगद शेवटच्या गाण्यावर ठेवतो आणि तें संपेपर्यंत बोलत नाहीं. बाजारांत त्या तबकडीस आतां कोणी कांहीं देणार नाहीं. माझ्या संग्रहांत मात्र ती आतां खरोखर आली आहे.